ड्रायव्हरनं बेल वाजवली नाही

प्रिय अगं,

लग्न झाल्यापासून तुला ह्याच नावानं हाक मारत आलो, तेव्हा पत्रातही तेच. मायना चुकीचा असेल, पण दुसरं काही लिहायला गेलो तर तुला वाटेल, पत्र शेजारच्या घरचं चुकून आपल्याकडे टाकलंय.

तीन आठवड्यांपूर्वीच्या सोमवारी सकाळी मी काय केलं ते तुला फोनवर सांगितलेलं नाही. आज सांगतो. काही झालं नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचं तू शांतपणे वाचशील. एका जुन्या ऑफिसची लिफ्ट खालच्या मजल्यावर टेकताना धक्का देत होती. पैलवान वर मशीनच्या खोलीत गेला आणि मी तळाचं दार उघडून खड्ड्यात उतरलो. पैलवान तुला आठवत असेल, माझा कामावरचा जोडीदार. काडीसारखा आहे म्हणूनच त्याला पैलवान म्हणतात. आमच्या कामाची पद्धत मी तुला लग्नानंतर लगेच सांगितली होती आणि तू तोंडाला पदर लावून हसली होतीस. खड्ड्यात उतरणाऱ्यानं आधी भिंतीवरचं लाल बटण दाबायचं, म्हणजे लिफ्ट जागची हलत नाही. मग वर तोंड करून मोठ्यानं म्हणायचं, "मी खाली आहे." वरच्यानं ते परत म्हणायचं, "तू खाली आहेस." नुसतं 'हो' चालत नाही, 'बरं बरं' तर अजिबात चालत नाही. समोरच्यानं परत म्हटल्याशिवाय आपण बोललो असं धरायचं नाही, आणि तोवर खालच्यानं हलायचं नाही. खड्ड्यात पाय टाकताना मी मनात देवाचं नाव घेतो, ते वेगळं. वर देव आहेच, पण बटणांपाशी पैलवान असतो.

त्या सकाळी मी देवाचं नाव घेतलं आणि बाकीचं दोन्ही विसरलो. दार मागे बंद झालं, मी बॅटरी लावली, खाली वाकून स्प्रिंग बघायला लागलो, आणि तारा बोलू लागल्या. लिफ्ट निघाली की तारांचा एक बारीक आवाज येतो, कुणीतरी दातांत दोरा धरून ओढावा तसा. तो आवाज मी इतकी वर्षं ऐकलाय, पण डोक्याच्या वरून कधी नव्हता ऐकला. वर बघितलं तर लिफ्टचं बूड हळूहळू मोठं होत होतं. मला धावायचं सुचलं नाही, ओरडायचंही नाही. मनात एवढंच आलं, की अरे, ही आपल्याकडेच येतेय की. मग हात आपोआप लाल बटणावर गेला. माझ्या आणि तिच्यात दोन मजल्यांचं अंतर होतं, म्हणजे तसं पुष्कळ होतं. पण मी तिथंच भिंतीला टेकून बसलो.

पैलवान जिन्यानं धडधडत खाली आला. आधी त्यानं मला ओढून बाहेर काढलं, मग बोलायला सुरुवात केली. "हाक मारायला काय तोंड दुखतं? तू अजून बाहेरच आहेस असं धरून चाललो ना मी. मेला असतास म्हणजे? तुझ्या घरी काय सांगितलं असतं मी?" मग म्हणाला, "आणि सांगितलं तरी कुणाला असतं? घरी आहे कोण तुझ्या?" बोलल्यावर त्याचं त्यालाच कसंतरी झालं. त्यानं माझी बॅटरी उचलली, पुसली आणि उगाच दोनदा चालू-बंद करून बघितली.

असा मी का विसरलो, ते तुला माहीत असेल किंवा नसेल. आदल्या दिवशी, रविवारी दुपारी, आपण मालिकेचा शेवटचा, सोळावा भाग बघितला होता.

त्याआधीचे आपले फोन आठव. "जेवलात?" "जेवलो." "औषध?" "घेतलं." "बरं, ठेवते." लेकीच्या बाळंतपणाला म्हणून तू गेलीस, चार महिन्यांचा बेत होता. मग तिची नोकरी सुरू झाली, मग नातवाला, आपल्या भोपळोबाला, दात आले, मग तो चालायला लागला, आणि आता तो पाठीवर दप्तर घेऊन शाळेत जातो. आपलं भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर कुणीतरी समजूत घालायला तरी आलं असतं. तू तिकडे, मी इकडे, आणि मध्ये 'जेवलात?' एवढाच काय तो पूल. मी मधे दोनदा आलो. दुसऱ्यांदा आलो तेव्हा सोफ्यावर झोपलो आणि सकाळी चादर घडी करून परत निघालो. तू म्हणाली नाहीस, राहा. मी म्हणालो नाही, चल. दारातून तू हात केलास आणि मी लिफ्टचं बटण दाबलं.

मग लेकीनं आपल्या दोघांच्या फोनवर ती कोरियन मालिका लावून दिली. मला म्हणाली, बाबा, संध्याकाळी एकटे बसता, बघा. तुला काय म्हणाली ते मला माहीत नाही. तिनं हे मुद्दाम केलं का, हे मी तिला विचारलेलं नाही आणि विचारणारही नाही. पहिल्या भागात मला काहीच कळेना. खालच्या ओळी वाचेपर्यंत माणसं निघून जायची, म्हणून मी सारखा थांबवत थांबवत बघायचो, एका भागाला दोन भागांचा वेळ लागायचा. नावं आपल्या दोघांच्याही जिभेवर बसेनात. मग तूच बारसं केलंस. बस चालवणारा तो ड्रायव्हर, वरच्या मजल्यावर कपडे दुरुस्त करून देणारी ती मफलरवाली, आणि तिची ती घरमालकीण तोफ. माझ्या इतक्या वर्षांच्या नोकरीत तू मला कामातलं इतकं विचारलं नव्हतंस, जितकं ड्रायव्हरच्या बसमधलं विचारलंस. ब्रेकचा तो आवाज खरा असतो का, दारं कुठून उघडतात, अमुक आणि तमुक. तू दुपारी बघायचीस, मी संध्याकाळी. पुढचं सांगायचं नाही, असं ठरलं होतं, तरी तू म्हणायचीस, "आज रुमाल घेऊन बसा," आणि मी कामावर दिवसभर रुमालाचा विचार करायचो.

गोष्ट तशी साधीच होती. एके काळी नवरा-बायको असलेली ही दोघं, कामापायी वेगळ्या गावी राहिली आणि तशीच राहून गेली. कुणी कुणाला टाकलं नव्हतं. मग एक दिवस त्याच्या बसचा मार्ग बदलतो आणि बस रोज तिच्या खिडकीखालून जायला लागते. तो रोज थोडा जास्त वेळ थांबतो. ती रोज दिवा थोडा उशिरा मालवते. तुला आठवतं, सातव्या भागात तो खिडकीखाली बस उभी करून बसला, मागची माणसं ओरडायला लागली, तरी वर गेला नाही, तेव्हा तू फोनवर म्हणालीस, "ह्या माणसाला देवानं तोंड दिलंय की नुसता हॉर्न?" मी इतका हसलो की शेजारच्यांनी दार वाजवलं. मी कायम त्याची बाजू घ्यायचो. म्हणायचो, बोलेल तो, वेळ येऊ दे. तू म्हणायचीस, "बघू." त्या 'बघू'मध्ये काय होतं ते तेव्हा मला ऐकू आलं नाही. तिला इतकी वर्षं एकटी का ठेवली, असं तू त्याला विचारायचीस, फोनवर, मला. आणि मी त्याच्या वतीनं उत्तरं द्यायचो. ड्युटी असेल. तिथं जागा लहान असेल. तिला आवडेल न आवडेल, असं वाटलं असेल. आपण दोघं त्या दोघांबद्दल बोलत होतो, असं मी धरून चाललो होतो.

खरं सांगू का, शेवट जवळ यायला लागला तशी मला धास्ती बसली. आपल्याजवळ बोलायला आलेली ही एवढीच गोष्ट होती. ती संपली की पुन्हा 'जेवलात?' सुरू होणार. मी मुद्दाम एक भाग दोन दिवसांत बघायला लागलो. तूही म्हणालीस, "मी पण थांबते, घाई काय आहे." शेवटचा भाग एकाच वेळी बघायचा हे तूच सुचवलंस. रविवारी दुपारी लेक आणि जावई भोपळोबाला घेऊन बागेत जाणार होते, घर रिकामं होतं. मी चांगला शर्ट घातला. हसू नकोस. घरात एकटाच होतो, तरी घातला.

पुढचं तू बघितलंयस, पण मला ते लिहू दे, कारण अजून ते डोळ्यांपुढून जात नाही. त्या मार्गावरची त्याची शेवटची फेरी. तो रिकामी बस खिडकीखाली उभी करतो आणि खाली उतरतो. सोळा भागांत पहिल्यांदा तो रस्ता ओलांडतो. मी उठून उभा राहिलो होतो. वर ती दोन कप चहा ओतते, म्हणजे तिनंही त्याला बघितलंय. तो जिना चढतो. दारापाशी येतो. हात वर करतो, बोट बेलच्या अगदी जवळ जातं. आणि तो हात खाली घेतो. पायपुसणं जरा वाकडं पडलं होतं, ते पायानं सरळ करतो, आणि वळून खाली उतरतो. बस निघून जाते. ती आपला चहा उभ्यानं पिते, दुसरा कप उचलते आणि खिडकीतल्या कुंडीत ओतून टाकते. मग नावं वर सरकायला लागतात.

मला वाटलं फोन अडकला. मी तो हलवला. मग वाटलं, सतरावा भाग असणार, लेकीनं लावला नसेल. शोधत बसलो. कुठंच नव्हता. चांगल्या शर्टाला घाम फुटला होता माझ्या. एवढ्या लांबच्या देशातल्या, कधी भेटणार नाहीत अशा माणसांनी माझं काहीतरी नेलं, असं वाटलं. पायपुसणं सरळ करता येतं आणि बेल वाजवता येत नाही, हे कसलं माणसाचं वागणं? मी तुला फोन लावला तो ह्याच तयारीनं, की आता दोघं मिळून ह्या लिहिणाऱ्याला झोडपू. तुला माझ्याहून जास्त राग आला असेल, अशी माझी खात्री होती.

तू बराच वेळ काही बोलली नाहीस. मग म्हणालीस, "बरोबर शेवट केला त्यांनी."

मी म्हटलं, बरोबर कसा? तू अगदी शांतपणे म्हणालीस, "इतकी वर्षं नाही चढला तो तो जिना. आता चढून काय करणार होता? आणि तिनं तरी दार का उघडावं? झालं ते बरं झालं. कुंडीला तरी चहा मिळाला." मालिकेच्या शेवटाचा धक्का तुझ्या त्या बोलण्यानं पुसून टाकला आणि त्याच्या जागी दुसरा आणून ठेवला. मग तू म्हणालीस, "ठेवते आता, भोपळोबा उठेल." आणि ठेवलास. भोपळोबा तर बागेत गेला होता. सुरुवातीला तूच सांगितलं होतंस.

रात्रभर आणि सकाळी कामावर जाताना बसमध्ये, आणि खड्ड्यात उतरताना, माझ्या डोक्यात तेवढंच होतं. घरात नसलेलं मूल उठेल म्हणून फोन ठेवावा लागला, इतकं काय होतं त्या गप्प बसण्यात? आणि मग तारा बोलायला लागल्या.

दुपारी पैलवाननं आपला अर्धा डबा माझ्यापुढे सरकवला. तो माफी अशीच मागतो. मी त्याला मालिका सांगायला बसलो. पहिल्या भागापासून सगळी सांगितली, जेवणाची सुट्टी संपली तरी सांगत होतो, आणि तो घास हातात धरून ऐकत होता. शेवट सांगितला तेव्हा त्यानं घास परत डब्यात ठेवला. "म्हणजे बेल वाजवलीच नाही? इथपर्यंत येऊन? असल्या माणसाला लिफ्टमध्ये कोंडून आपण दोघांनी घरी जायला पाहिजे." मग मी त्याला तुझं बोलणं सांगितलं. तो हसेल असं वाटलं होतं. तो हसला नाही. म्हणाला, "वहिनी त्या कोरियातल्या माणसाला नाही बोलल्या." आणि डबा बंद करून हात धुवायला गेला.

बघ, माझ्या डोक्यात जे रात्रभर शिरलं नाही, ते ह्या काडीच्या डोक्यात एका घासात शिरलं. मी तिथंच बसून राहिलो. सकाळी खड्ड्यात बसलो होतो तसाच. मला कळलं की ज्याची मी सोळा भाग वकिली केली तो मी होतो. तुझा सगळा जाब मला होता आणि मी त्याला मालिका समजून मजेत उत्तरं देत होतो. आणि त्या शेवटच्या दुपारी, पडद्यावर तो हात खाली आला तेव्हा, तू तुझ्याकडून दिवा मालवून टाकलास.

त्यानंतर आपले फोन पुन्हा 'जेवलात?'वर आले, हे तूही बघतेच आहेस. मी मुद्दाम काही बोललो नाही. फोनवर बोललेलं मला पटत नाही आता, आणि तसंही फोनवर मी फक्त 'बरं' म्हणतो. सकाळी देवापुढे हात जोडून उभा राहतो तेव्हा पूर्वी मागायचो, सगळ्यांना सुखी ठेव. हे तीन आठवडे नुसता उभा राहतो. मागायचं ते तुझ्याकडे आहे आणि देवाला मध्ये घालणं बरं दिसत नाही.

घरची हकिकत थोडी लिहितो. तुझ्या चपला दाराशी होत्या तशाच होत्या. झाडताना मी त्या उचलायचो आणि परत तिथंच ठेवायचो. पलंगावरची तुझी बाजू माझ्या इस्त्रीच्या कपड्यांनी भरली होती. तुझा कप खिळ्यालाच होता. रोज माझा विसळायचो तेव्हा तुझाही विसळायचो, न वापरता. ही सगळी वाक्यं 'होती, होता' अशी का लिहितोय, ते तुला वाटेल. सांगतो.

गावच्या शाळेत मास्तरांनी आम्हांला पत्र लिहायला शिकवलं तेव्हा एक नियम घातला होता. आधी खुशाली, मग हकिकत, मागणं अगदी शेवटी, म्हणजे वाचणाऱ्याचं मन तयार होतं. म्हणून इतका लांबचा वळसा घेतला. आमच्या कंपनीला तुमच्या शहरात माणूस हवा होता. साहेबांनी मला हे दोनदा विचारलं होतं आणि मी दोन्ही वेळा म्हणालो होतो, इकडच्या लिफ्टांची सवय झालीय. ह्या वेळी मीच त्यांच्यापुढे जाऊन उभा राहिलो. ते म्हणाले, तिकडच्या लिफ्टांची सवय नाही ना तुम्हांला. मी म्हटलं, करून घेईन. घर मोकळं केलं, किल्ली मालकांना दिली. पैलवान बसपर्यंत सोडायला आला आणि रडायला नको म्हणून सगळा वेळ माझ्या बॅगेची चेन कशी हलक्या प्रतीची आहे हे सांगत राहिला. कंपनीनं एक खोली दिलीय, तुमच्या घरापासून चालत जाण्यासारखी. दिवसा तू भोपळोबाचं बघ, त्यात मी आडवा येणार नाही. लेकीच्या सोफ्यावर आता मी झोपणार नाही. खोलीत अजून काही मांडलेलं नाही. तुझ्या चपला दाराशी ठेवल्यात आणि दोन कप आणलेत.

हे पत्र घरी सुरू केलं, मधलं बसमध्ये लिहिलं म्हणून अक्षर डुलतंय, आणि शेवट तुमच्या इमारतीच्या पायरीवर बसून लिहितोय. आधी सरळ वर येऊन बेल वाजवणार होतो. लिफ्टमध्ये चढलोही होतो, तिसऱ्या मजल्यावर ती कुरकुरते, तेल मागतेय. पण तुमच्या दारापर्यंत गेलो आणि विचार केला. मी दारात उभा राहिलो तर तू दार उघडशीलच. दारी आलेल्याला परत पाठवणारी तू नव्हेस, आणि मग तुझ्या मनात काय आहे ते मला कधीच कळायचं नाही. तुमचं पायपुसणंही वाकडं होतं. मी हात लावला नाही, तसंच ठेवून खाली आलो. हे पत्र वॉचमनकडे देतोय, तो वर आणून देईल. तुला खोलीवर राहायला यायचं असेल तर, नसेल तर, दोन्हीला माझी ना नाही. पण पत्राच्या शेवटी जे म्हणतोय ते गॅलरीत येऊन एकदा परत म्हण, नुसतं 'बरं' नको. आमची पद्धत तुला माहीत आहे, वरून आवाज येईपर्यंत खालच्यानं हलायचं नसतं.

मी खाली आहे.

तुझाच,
अहो